बाळंतपणाचा कागद

(भायखळा, आग्रीपाडा आणि मदनपुरा इथल्या महिला गटांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज कामावर खाडा करून, मुलांना शेजारणीकडे ठेवून तुम्ही आलात. म्हणून लांबण न लावता बोलते. विषय आजाराचा आहे, पण सुरुवात एका प्लास्टिकच्या पिशवीपासून करते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या केंद्रावर एक बाई आली. वय एकेचाळीस. उजवा हात आणि पाय लुळा पडलेला. सोळा वर्षांच्या मुलाने दंडाला धरून आणलं होतं. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज करायचा होता. आठ महिन्यांपूर्वी पहाटे पाणी भरताना ती कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्याआधी ती एका पोळीभाजी केंद्रात रोज दीड-दोनशे पोळ्या लाटायची. आपलं बीपी वाढलेलं आहे हे तिला कळलं ते रुग्णालयातल्या खाटेवर.

अर्जासाठी मुलाने कागदांची पिशवी उघडली. रेशनकार्ड, आधार, भाड्याची पावती. मुलाचा जन्मदाखला आणि त्याचं लसीचं कार्ड. ते कार्ड प्लास्टिकमध्ये घालून नीट जपलेलं होतं. सोळा वर्षं! मी सहज विचारलं, "वहिनी, ह्याच्या वेळचं बाळंतपण कसं झालं होतं?" तिचं बोलणं आता जड झालंय. मुलाकडे बघत म्हणाली, "ह्याच्या वेळी झटके आलेले, ताई. दोन दिवस शुद्ध नव्हती मला."

तिच्या डिस्चार्जचा कागद त्या पिशवीत नव्हता. तो कधी गेला, कुठे गेला, कुणालाच आठवत नव्हतं. मी विचारलं, "हे झटक्यांचं तुम्ही डॉक्टरांना सांगितलं होतं का?" ती म्हणाली, "कोणी विचारलंच नाही. घरात कोणाला बीपी आहे का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं."

आज मला जे सांगायचंय ते सगळं या एका वाक्यात आहे. कोणी विचारलंच नाही.

शरीराची परीक्षा

गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्याने वाढतं. हृदयाला तेवढं जास्त काम पडतं. मूत्रपिंडाला पडतं. वारेतून जे रस सुटतात त्यांच्यामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, म्हणून आईच्या शरीराला जास्त इन्सुलिन तयार करावं लागतं. बहुतेकींचं शरीर हे सगळं निभावून नेतं. काहींचं नेऊ शकत नाही. मग कुणाचं बीपी वाढतं, कुणाची साखर वाढते.

पाच महिन्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेलं, लघवीतून प्रथिनं जायला लागली, डोकं सडकून दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती धोक्याची खूण आहे. वेळीच उपचार झाले नाहीत तर झटके येतात. बाई दगावू शकते, बाळ दगावू शकतं. हे आपल्यापैकी अनेकींना माहीत आहे, कारण वस्तीत आपण हेच सांगत फिरतो.

पुढचं मात्र आपणही सांगत नाही. बाळ आणि वार बाहेर आली की बहुतेकींची साखर खाली येते. बीपीही काही आठवड्यांत उतरतं. डॉक्टर म्हणतात, "आता नॉर्मल आहे." सासू म्हणते, "सुटलीस बाई." आणि आपण समजतो की ते बाळंतपणाचं होतं, बाळंतपणाबरोबर गेलं.

ते गेलेलं नसतं. परीक्षेच्या वेळी शरीराने आपली कच्ची बाजू दाखवलेली असते. शिवाय बीपीच्या त्रासात रक्तवाहिन्यांना जी इजा होते तिच्या खुणाही मागे राहतात. २००७ साली चौतीस लाखांहून अधिक बायकांच्या माहितीचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रथिनं गेलेल्या बायकांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका इतर बायकांच्या सुमारे दुप्पट आढळला. कायमचं बीपी जडण्याचा धोका तर तिपटीहून जास्त. साखरेबद्दल २०२० साली तेरा लाखांहून अधिक बायकांची माहिती एकत्र पाहिली गेली. गरोदरपणात साखर वाढलेल्यांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका सुमारे दहापट निघाला. दिवस भरण्याआधीच बाळंत झालेल्या बायकांतही पुढे हृदयविकाराचं प्रमाण जास्त दिसतं.

दुप्पट, दहापट म्हणजे प्रत्येकीला होणारच असं नाही, हे नीट लक्षात घ्या. घाबरवायला मी आलेली नाही. पण वडिलांना मधुमेह आहे का हे जितकं महत्त्वाचं, तितकंच गरोदरपणात साखर वाढली होती का हेही महत्त्वाचं आहे. अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या संघटनेने २०११ मध्येच बायकांच्या हृदयविकाराच्या धोक्याच्या यादीत ह्या दोन्ही गोष्टी घातल्या.

हे परदेशातलं झालं, असं कुणी म्हणेल. तर पुण्याचं ऐका. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं मधुमेहावर काम करत आहेत. गरोदरपणात साखर वाढलेल्या बायकांना त्यांनी पुढे पुन्हा तपासलं. २००४ साली ती पाहणी प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर साडेचार वर्षांनी त्यांतल्या सुमारे निम्म्या बायकांना मधुमेह झालेला होता. पाहणी लहान होती, एका रुग्णालयातली होती. तरी मुंबईत बसून "आमच्याकडे नाही असं" म्हणायची सोय त्यानंतर उरलेली नाही.

नऊ महिने आई, तिशीनंतर रुग्ण. मधे कोण?

सरकारने काहीच केलेलं नाही असं मी म्हणणार नाही. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, रुग्णालयातली बाळंतपणं वाढली. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी सुरू झाली. गरोदरपणातल्या मधुमेहाची केंद्र सरकारची मार्गदर्शिका आहे. तिच्यात प्रत्येक गरोदर बाईची साखर दोनदा तपासायला सांगितलंय. पहिल्याच भेटीत एकदा आणि मग सहाव्या-सातव्या महिन्यात एकदा. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. उपाशीपोटी यायची अट नाही. साखर १४० किंवा त्याहून वर असेल तर मधुमेह धरून उपचार. आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तीच तपासणी करायची, हेही त्यात लिहिलेलं आहे.

दुसऱ्या बाजूला, बीपी, मधुमेह, कॅन्सर यांच्यासाठी वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरायचा असतो. धोका ठरवण्यासाठी त्यात गुण दिले जातात. वय किती, तंबाखू-विडी आहे का, दारू आहे का, कमरेचा घेर किती, हालचाल किती, घरात कोणाला बीपी, मधुमेह, हृदयविकार आहे का. सहा प्रश्न. गरोदरपणात काय झालं होतं, हा प्रश्न त्या सहांत नाही.

म्हणजे बघा. एका कार्यक्रमाला ठाऊक आहे की ह्या बाईला गरोदरपणात झटके आले होते. तो कार्यक्रम तिला सहा आठवड्यांनी सोडून देतो. दुसरा कार्यक्रम तिला तिशीनंतर भेटतो आणि वडिलांचा आजार विचारतो, तिच्या स्वतःच्या शरीराचा इतिहास विचारत नाही. दोन्ही कार्यक्रमांच्या मधे जी पडते ती बाई.

२०२२ च्या नवरात्रात महाराष्ट्र सरकारने अठरा वर्षांवरच्या बायकांच्या तपासणीची मोहीम काढली. मोहीम चांगली होती, आपणही बायकांना घेऊन गेलो. पण तिचं नाव आठवा. 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित.' बाईने सुरक्षित राहायचं ते घरासाठी. ती एकटी असेल, तिला मूल नसेल, तिचं मूल जन्मतःच गेलं असेल, तर? मूल गेलेल्या बाईला तर कागद जपून ठेवायचं कारणही कुणी देत नाही. आणि तिच्या शरीराने तोच त्रास सोसलेला असतो.

बाई म्हणजे गर्भाशय नव्हे, हे आपली चळवळ कित्येक वर्षं सांगत आली आहे. नसबंदीच्या टार्गेटांच्या विरोधात सांगितलं, गर्भलिंगचाचणीच्या विरोधात सांगितलं. १९९४ च्या कैरोच्या परिषदेनंतर सरकारी कागदांतली भाषाही थोडी बदलली. पण रिकाम्या झालेल्या गर्भाशयाच्या बाईकडे पाहायची सवय अजून लागलेली नाही.

माझाही कागद

दुसऱ्यांचं सांगते आहे तर माझंही सांगते. मी एम. एस. डब्ल्यू. केलेली, आरोग्यावर प्रशिक्षणं घेणारी बाई. सात वर्षांपूर्वी माझ्या आठव्या महिन्यात बीपी १५०/१०० झालं. भरती केलं, सिझर झालं, मुलगी दिवस भरायच्या आत झाली. काचेच्या पेटीत होती. सगळं घर त्या पेटीकडे बघत होतं, मीसुद्धा. घरी जाताना नर्सने सांगितलं, "मॅडम, बीपी बघत राहा." मी मान हलवली. सात वर्षांत एकदाही बघितलं नाही.

गेल्या वर्षी एका शिबिरात मशीन चालते का हे बघायला एका कार्यकर्तीने माझ्याच दंडाला पट्टा बांधला. १४८/९६. आम्हाला वाटलं मशीन बिघडलंय. दुसऱ्या मशीनवर घेतलं, दुसऱ्या दिवशी घेतलं, तेच. आता रोज गोळी चालू आहे. डॉक्टरांनी जुना कागद मागितला. मुलीचं वजन, तिच्या लसी, तिची प्रत्येक पावती माझ्या फाईलमध्ये होती. माझा कागद नव्हता. त्या बाईच्या पिशवीत आणि माझ्या फाईलमध्ये काहीच फरक नव्हता. फरक एवढाच की माझ्या दंडाला वेळेत कुणीतरी पट्टा बांधला.

सव्वा महिना आणि पहिला डोस

सहा आठवड्यांची तपासणी कागदावर आहे, मग बायका जात का नाहीत? वस्तीत विचारलं तर उत्तरं साधी आहेत. बाळंतपणाला साताऱ्याला, रत्नागिरीला माहेरी गेलेली असते. सव्वा महिना घराबाहेर पडायचं नसतं. आपल्या मुसलमान मैत्रिणींकडे चाळीस दिवसांचा तोच रिवाज. तान्हं मूल कडेवर घेऊन रुग्णालयात दोन-तीन तास कोण बसणार? आणि "मला काही होत नाहीये" हे तर असतंच.

पण एका दिवशी ती येते. बाळ दीड महिन्याचं झालं की लसीचा पहिला डोस असतो, आणि तो कोणी चुकवत नाही. दीड महिना म्हणजेच सहा आठवडे. ज्या आठवड्यात तिची तपासणी व्हायला हवी त्याच आठवड्यात ती स्वतःच्या पायांनी दवाखान्यात येते, बाळाला टोचून घेते आणि तशीच घरी जाते. बाळाचं वजन होतं, कार्डावर शिक्का बसतो. आईच्या दंडाला पट्टा कुणी बांधत नाही.

मैत्रिणींनो, आपली पहिली मागणी हीच असू दे. लसीच्या दिवशी आईचंही बीपी तपासा. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर तिला ग्लुकोज पाजून रक्त घ्या. लस दिल्यावर बाळाला थोडा वेळ थांबवतातच, तो वेळ दोन तासांचा करावा लागेल. बसायला जागा द्या, पाणी द्या, स्वच्छ संडास द्या. माहेरी असेल तर तिथल्या केंद्रात करा. ह्यासाठी नवं रुग्णालय बांधावं लागत नाही.

दुसरी मागणी, तीस वर्षांवरच्या त्या फॉर्ममध्ये बाईसाठी एक प्रश्न वाढवा. गरोदरपणात बीपी, साखर, झटके, वेळेआधी बाळंतपण, ह्यातलं काही झालं होतं का?

तिसरी, डिस्चार्जच्या कागदावर मराठीत, हिंदीत आणि उर्दूत, वाचता येईल अशा अक्षरात, एक ओळ लिहा. तुम्हाला गरोदरपणात अमुक झालं होतं, म्हणून दरवर्षी बीपी आणि साखर तपासा.

"हेही आमच्याच डोक्यावर?"

मागच्या बैठकीत हे सगळं सांगितलं तेव्हा एक जण उठून म्हणाली, "ताई, मूल आम्ही जन्माला घालायचं, घर आम्ही चालवायचं, आता हा आजार टाळायचं कामही आमच्याच डोक्यावर?" तिचा प्रश्न बरोबर आहे.

चाला, मीठ कमी करा, भात कमी खा, हा सल्ला चुकीचा नाही. वजन आटोक्यात ठेवून आणि चालणं वाढवून मधुमेह लांबवता येतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात सिद्ध झालं आहे, आणि त्यात गरोदरपणात साखर वाढलेल्या बायकाही होत्या. पण भारत, बांगलादेश आणि श्रीलंकेत अशाच बायकांना जीवनशैलीचं मार्गदर्शन देऊन पाहिलं, त्याचा निकाल २०२२ साली आला. मार्गदर्शन मिळालेल्या आणि न मिळालेल्या बायकांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मधे कोविडही आला होता. तरी मला त्याचं नवल वाटलं नाही. जी बाई पहाटे चारला पाणी भरते, दोन घरची कामं करते, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवते, तिला "रोज अर्धा तास स्वतःसाठी काढा" म्हणणं सोपं असतं. कुठला अर्धा तास? आणि चालायचं कुठे? फूटपाथवर जागा नाही, राणीच्या बागेला तिकीट.

म्हणून ही गोष्ट एकट्या बाईच्या शिस्तीची नाही. ह्याच भागातल्या गिरण्यांत, रिळिंग आणि वाइंडिंग खात्यात, आपल्या आज्या-पणज्या काम करत होत्या. त्यांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या काळात आईला मिळणारी विश्रांती देशाच्या हिताची आहे आणि तिचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये कायदा झाला. बाळंतपणाचा भार एकट्या बाईचा नाही, हे त्या कायद्याने मान्य केलं. तो भार काही आठवड्यांत संपत नाही, हे मान्य करून घेणं आता आपल्याकडे आहे.

आणखी एक सावधगिरी. ही माहिती बाईच्या विरोधात वापरली जाता कामा नये. "हिच्यातच खोट आहे" म्हणून तिला माहेरी पाठवणं, दुसरं लग्न करणं, हे आपण पाहिलेलं आहे. गरोदरपणातलं बीपी किंवा साखर हा बाईचा दोष नाही. कोणी तसं बोललं तर गटाने तिच्या पाठीशी उभं राहायचं.

उद्यापासून

मागण्या मान्य व्हायला वेळ लागेल. तोवर आपल्या हातात जे आहे ते करू या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपला बाळंतपणाचा कागद शोधून आणायचा. सापडला नाही तर आठवून लिहायचं. किती साल होतं, कुठे बाळंत झालो, बीपी वाढलं होतं का, साखर वाढली होती का, झटके आले होते का, दिवस भरले होते का, बाळ राहिलं का. जिला लिहिता येत नाही तिचं शेजारणीने लिहायचं. सासूचं, आईचंही लिहा. त्यांना तर कधीच कुणी विचारलेलं नाही.

ज्यांच्या कागदावर ह्यातलं काही निघेल त्यांनी वर्षातून एकदा बीपी आणि साखर तपासायची, काही होत नसलं तरी. पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे सांगायचं. बीपीचा त्रास झालेल्यांना पुढच्या खेपेला लवकर गोळी सुरू करून फायदा होतो, पण ती गोळी डॉक्टरांनीच ठरवायची. कुठल्याही आजारासाठी दवाखान्यात गेलात आणि त्यांनी विचारलं नाही, तर आपण होऊन सांगायचं. आणि गोळी सुरू झाली तर बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही.

त्या बाईचा दाखला झाला. ती आता डाव्या हाताने सही करायला शिकते आहे. आम्ही तिचा एक कागद नव्याने तयार केला. वरती नाव, खाली वय, आणि मग तिने सांगितलेली हकीकत. मुलाने तो आपल्या लसीच्या कार्डाच्याच प्लास्टिकमध्ये घातला.

माझाही कागद मी लिहून आणलाय. बैठक संपली की तो मधे ठेवते. तुमचेही ठेवा.